सगळे विषय सुटले, तरी पदवी कुठे अडते? पदव्युत्तर शिक्षणाच्या अटी आणि श्रेणींची नवख्यांसाठी ओळख

पदवीला असताना हिशोब सोपा होता. विषय सुटला तर सुटला, राहिला तर पुढच्या वेळी पुन्हा बसायचं, शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की झालं. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येताना बहुतेक जण हाच हिशोब डोक्यात घेऊन येतात आणि तिथेच फसतात. इथे विद्यापीठ किमान सहा गोष्टी वेगवेगळ्या मोजतं: क्रेडिट किती झाले, ते कोणत्या पातळीचे आणि कोणत्या गटातले आहेत, एकूण सरासरी किती आहे, प्रत्येक विषयातली श्रेणी चालण्याजोगी आहे का, प्रबंध किंवा अंतिम परीक्षा पार पडली का, आणि हे सगळं मुदतीत झालं का. पाच अटी उत्तम पुऱ्या केल्या म्हणून सहावी कुणी माफ करत नाही.

पदवी देण्याआधी विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासण्याचं काम मी एका विभागात काही वर्षं केलं. शेवटच्या सत्रात येऊन "माझे दोन क्रेडिट कमी कसे भरले?" असं विचारणारी मुलं-मुली तेव्हा दरवर्षी भेटायची. त्यांतली कितीतरी अभ्यासात चांगली होती. नियमावली सुरुवातीलाच वाचायची असते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, इतकंच. देश, विद्यापीठ, शाखा बदलली की आकडे बदलतात. अटींचा सांगाडा मात्र जवळपास सगळीकडे सारखा असतो. तो आधी समजून घ्या आणि मग आपल्या विद्यापीठाचे आकडे त्यात भरा.

पहिली पायरी: आपल्या प्रवेशवर्षाची नियमावली हाताशी ठेवा

प्रवेश ज्या वर्षी झाला, त्या वर्षीचे नियम साधारणपणे तुम्हाला शेवटपर्यंत लागू असतात. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, एखादा विषय सक्तीचा झाला, तरी तो सहसा नव्या तुकडीसाठी असतो. मधे खंड पडून पुन्हा प्रवेश घेतलात तर मात्र नवे नियम लागू होऊ शकतात. विद्यापीठाचं संकेतस्थळ बहुधा चालू वर्षाची नियमावली पुढे दाखवतं आणि जुनी कुठेतरी मागे टाकतं. म्हणून प्रवेश घेतल्याच्या आठवड्यातच ती उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात वर्ष लिहा.

एकच कागद वाचून भागत नाही. विद्यापीठाचे सर्वसाधारण नियम असतात, त्याखाली विद्याशाखेचे, त्याखाली विभागाची किंवा अभ्यासक्रमाची पुस्तिका. विभागाला विद्यापीठापेक्षा कडक नियम करता येतो, सैल करता येत नाही. विद्यापीठ ३० क्रेडिट म्हणतं आणि विभाग ३६ म्हणतो, तर तुम्हाला ३६ लागतात. विद्यापीठाच्या पानावर ३० वाचून निर्धास्त झालेला विद्यार्थी शेवटच्या सत्रात अडतो तो असा.

वाचताना दोन प्रकारच्या वाक्यांखाली रेघ मारा. "आवश्यक आहे", "बंधनकारक आहे" असं म्हणणारी वाक्यं ही अट. "परवानगी देता येईल", "विचार केला जाईल" असं म्हणणारी वाक्यं ही सवलत, आणि सवलत मागावी लागते, तीही लेखी. मार्गदर्शक सरांनी किंवा मॅडमनी जिन्यात भेटल्यावर "चालेल, काही हरकत नाही" म्हटलं असेल, तर त्याच संध्याकाळी एक नम्र ईमेल पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे मी अमुक विषयाऐवजी तमुक विषय घेत आहे, कृपया होकार कळवावा." दोन वर्षांनी मार्गदर्शक रजेवर गेलेले असतात, विभागप्रमुख बदललेले असतात, आणि तो ईमेल तेवढा उरतो.

दुसरी पायरी: क्रेडिट म्हणजे किती काम, ते समजून घ्या

क्रेडिट हे कामाचं माप आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पद्धतीनुसार सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे १ क्रेडिट, आणि प्रात्यक्षिक असेल तर आठवड्याला दोन तासांना १ क्रेडिट. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला साधारण ८० ते ९० क्रेडिट होतात. अमेरिकेत संघीय व्याख्येनुसार १ क्रेडिट म्हणजे सुमारे १५ आठवडे दर आठवड्याला एक तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान दोन तासांचं काम. तिथली मास्टर्स पदवी बहुधा ३० ते ३६ क्रेडिटची असते. युरोपात एका वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, आणि मास्टर्सला ९० किंवा १२० क्रेडिट. ब्रिटनमध्ये मास्टर्स १८० क्रेडिटची, एक क्रेडिट म्हणजे सुमारे १० तास.

या आकड्यांची एकमेकांशी थेट तुलना करू नका. अमेरिकेतले ३६ क्रेडिट "कमी" आणि ब्रिटनमधले १८० "जास्त" असं काही नाही, मापाची पट्टीच वेगळी आहे. हिशोब तासांचा करा. अमेरिकी पद्धतीत ९ क्रेडिटचं सत्र घेतलंत, तर ९ तास वर्ग आणि वर्गाबाहेर किमान १८ तास, म्हणजे आठवड्याला २७ तास. हा किमान आकडा आहे. याच्या जोडीला विभागात २० तासांची नोकरी धरली, तर आठवडा भरला. पहिल्याच सत्रात हौसेने १२ क्रेडिट उचलणाऱ्याला मी तरी नको म्हणेन. पहिलं सत्र नवीन पद्धत अंगवळणी पडण्यातच जातं, आणि तेव्हा घसरलेली सरासरी पुढे कशी छळते ते चौथ्या पायरीत आकड्यांनिशी दाखवतो.

तिसरी पायरी: क्रेडिटची वही घाला

एकूण बेरीज जुळली म्हणून काम झालं नाही. बेरजेच्या आत कप्पे असतात: सक्तीचे विषय, विशेषीकरणाचे विषय, ऐच्छिक, संशोधनपद्धती, प्रकल्प किंवा प्रबंध. एका कप्प्यात जास्त भरलं म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही. शिवाय प्रत्येक कप्प्याला वरूनही मर्यादा असते, आणि नवखे विद्यार्थी नेमके इथे चुकतात. पदवी पातळीचे किती विषय धरले जातील? स्वतंत्र अभ्यास आणि इंटर्नशिप मिळून किती क्रेडिट चालतील? दुसऱ्या विभागातून किती घेता येतील? ऑनलाइन किती? मर्यादेपलीकडचे क्रेडिट गुणपत्रकावर दिसतात, पण पदवीच्या हिशोबात येत नाहीत.

एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक विषयासाठी एक ओळ ठेवा: विषयाचा संकेतांक, पातळी, क्रेडिट, कोणता कप्पा, सत्र, श्रेणी. दर सत्राच्या शेवटी विद्यापीठाच्या पोर्टलवरची नोंद आणि आपली वही ताडून पाहा. पोर्टलवर विषय चुकीच्या कप्प्यात पडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. दुसऱ्या सत्रात सांगितलं तर ती दुरुस्ती एका अर्जात होते.

बाहेरून आणलेल्या क्रेडिटबद्दल थोडं. आधीच्या विद्यापीठात केलेले विषय काही प्रमाणात मान्य होतात, पण त्याला तीन चाळण्या असतात: श्रेणी चांगली असावी, विषय फार जुना नसावा, आणि ते क्रेडिट आधीच दुसऱ्या पदवीसाठी वापरलेले नसावेत. अनेक ठिकाणी असे क्रेडिट येतात, श्रेणी येत नाही. म्हणजे बेरीज वाढते, सरासरी हलत नाही. भारतात २०२१ पासून शैक्षणिक क्रेडिट बँकेची सोय आहे, तिथे जमा केलेले क्रेडिट साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पण कोणते क्रेडिट स्वीकारायचे हे नवीन संस्थाच ठरवते, म्हणून खात्यात क्रेडिट आहेत एवढ्यावर विसंबून सत्राची आखणी करू नका.

चौथी पायरी: श्रेणीचं गणित स्वतः करा

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

पदव्युत्तर पातळीवर श्रेणीची दोन उंबरठ्यांवर परीक्षा होते. पहिला उंबरठा विषयाचा: त्या विषयात किमान अमुक श्रेणी हवी, नाहीतर तो पदवीसाठी धरला जाणार नाही. दुसरा उंबरठा सरासरीचा: सगळ्या विषयांची मिळून सरासरी अमुक हवी. अमेरिकी विद्यापीठांत सरासरी सहसा ४ पैकी ३.० लागते, म्हणजे सरासरी "बी". पदवीला "सी" मिळाला तर विषय सुटला असं आपण म्हणतो. पदव्युत्तरला एखाद-दुसरा "सी" बऱ्याच ठिकाणी कसाबसा खपतो आणि "डी" चालतच नाही. विषयवार पाहिलं तर उत्तीर्ण आणि सरासरीत अनुत्तीर्ण, अशी अवस्था इथे खरोखर येते.

सरासरी काढताना क्रेडिटचं वजन धरायचं असतं. भारतातल्या १० गुणांच्या पट्टीवर ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. समजा एका सत्रात तुम्हाला असे श्रेणीगुण मिळाले: ४ क्रेडिटच्या तीन विषयांत ८, ७ आणि ९, २ क्रेडिटच्या एका छोट्या विषयात १०, आणि ६ क्रेडिटच्या प्रकल्पात ६. नुसती सरासरी काढली तर ४० भागिले ५, म्हणजे ८.० येते. खरा हिशोब असा: ३२ + २८ + ३६ + २० + ३६ = १५२, भागिले २० क्रेडिट, म्हणजे ७.६. छोट्या विषयातल्या दहापैकी दहाने मन सुखावलं, पण प्रकल्पाने सरासरी खाली ओढली. म्हणून वेळ वाटताना विषय किती आवडतो याआधी तो किती क्रेडिटचा आहे ते बघा.

आता ४ गुणांच्या पट्टीवरचं उदाहरण (इथे ए म्हणजे ४, बी ३, सी २). अभ्यासक्रम ३६ क्रेडिटचा, प्रत्येक सत्रात ३ क्रेडिटचे तीन विषय, आणि सरासरी ३.० हवी. पहिल्या सत्रात बी, बी आणि सी मिळाले. गुण झाले ९ + ९ + ६ = २४, भागिले ९ क्रेडिट, सरासरी २.६७. हव्या असलेल्या २७ गुणांना ३ गुण कमी पडले. पुढच्या सत्रात एक ए आणि दोन बी आणले, म्हणजे १२ + ९ + ९ = ३०, की एकूण ५४ भागिले १८, बरोबर ३.०. एका "ए"ने एका "सी"ची तूट भरली.

पण तिकडे दुर्लक्ष झालं आणि सलग तीन सत्रं बी, बी, सी असंच चाललं, तर २७ क्रेडिटवर ७२ गुण होतात आणि तूट ९ गुणांची होते. आता ३६ क्रेडिटला १०८ गुण हवेत. उरलेल्या ९ क्रेडिटमध्ये ३६ गुण मिळवायला तिन्ही विषयांत निखळ "ए" लागतो. एकात जरी "ए मायनस" आला तरी पदवी अडली. सरासरीची तूट लवकर भरा, असं मी कळकळीने सांगतो ते यासाठी. सुरुवातीला एका चांगल्या श्रेणीने होणारं काम शेवटी तीन चांगल्या श्रेणींनाही जेमतेम जमतं.

२.९९ म्हणजे ३.० धरायचं की नाही, हेही नियमावलीत बघा. अनेक विद्यापीठं सरासरी वर ओढत नाहीत.

श्रेणी कशी ठरते तेही पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. काही विषयांत ठरलेल्या गुणांना ठरलेली श्रेणी असते: ८० च्या वर अमुक, ७० च्या वर तमुक. काही विषयांत वर्गाच्या तुलनेत श्रेणी देतात, आणि तिथे पेपर अवघड गेला म्हणून घाबरून जायचं कारण नसतं, कारण तो सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. तुलनेच्या वर्गात ६२ गुणांना "ए" मिळू शकतो आणि सोप्या पेपरात ८५ ला "बी". विषयाच्या आराखड्यात घटक चाचणी, गृहपाठ, सादरीकरण, अंतिम परीक्षा यांची टक्केवारी दिलेली असते. तिथे एक ओळ नेहमी शोधा: अंतर्गत मूल्यमापन आणि सत्रान्त परीक्षा या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं का? लागत असेल, तर अंतर्गत गुण कितीही चांगले असले तरी लेखी परीक्षेतलं अपयश ते झाकत नाहीत.

परदेशी पट्टी पाहून गांगरू नका. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारणपणे ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट आणि ७० ला डिस्टिंक्शन. ७२ गुण पाहून रडवेला होण्याऐवजी घरी आनंदाने फोन करावा. जर्मनीत पट्टी उलटी चालते: १.० सर्वोत्तम, ४.० ला जेमतेम उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास.

पाचवी पायरी: गुणपत्रकावरची इतर अक्षरं ओळखा

काही अक्षरं श्रेणी नसतात, पण पदवी अडवू शकतात.

"आय" म्हणजे काम अपूर्ण. आजारपण किंवा तसंच काही कारण असेल तर प्राध्यापक राहिलेलं काम नंतर द्यायची मुभा देतात. मुदत संपली की अनेक ठिकाणी हा "आय" आपोआप "एफ" होतो, कुणी आठवण करून देत नाही. "आय" घेतलात, तर काय द्यायचं, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्याच दिवशी लिहून घ्या आणि पुढच्या सत्रात विषय कमी घ्या. जुनं राहिलेलं आणि नवं चालू असलेलं एकदम ओढताना दोन्ही घसरतात.

"डब्ल्यू" म्हणजे विषय अधिकृतपणे सोडला. सरासरीला धक्का लागत नाही, नोंद मात्र राहते. विषय सोडायच्या दोन तारखा असतात. पहिल्या तारखेपर्यंत सोडला तर नावनिशाणीही राहत नाही आणि शुल्क परत मिळण्याची शक्यता असते. दुसऱ्या तारखेपर्यंत "डब्ल्यू" लागतो. त्यानंतर जे होईल ते सोसायचं. दोन्ही तारखा सत्राच्या पहिल्या दिवशी फोनमध्ये टाका. घाबरून सातव्या आठवड्यात विषय सोडण्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात शांतपणे निर्णय घ्या.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर विषय सोडण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन या. अमेरिकेत एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ नोंदणी ठेवावी लागते, आणि त्या हिशोबात एका सत्रात जास्तीत जास्त एकच, म्हणजे ३ क्रेडिटचा, पूर्ण ऑनलाइन विषय धरला जातो. आधी विषय सोडून मग परवानगी मागायला गेलं की फार उशीर झालेला असतो. शिष्यवृत्तीलाही बहुधा पूर्णवेळ नोंदणीचीच अट असते.

नुसतं "समाधानकारक" किंवा "उत्तीर्ण" असा शेरा मिळणारे विषय क्रेडिट देतात, सरासरीत येत नाहीत. श्रोता म्हणून बसलेल्या विषयाचे क्रेडिटच मिळत नाहीत.

सहावी पायरी: विषय राहिला किंवा सरासरी घसरली, तर

सरासरी उंबरठ्याखाली गेली की विद्यापीठ तुम्हाला परीविक्षेवर ठेवतं, म्हणजे एक किंवा दोन सत्रांची संधी देतं. हे पत्र आलं की लपवू नका. मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी पत्र आल्या आठवड्यात विभागात येऊन बसलेले बहुतेक सावरले. लाजेने दोन महिने तोंड चुकवलेल्यांना सावरणं अवघड गेलं. सोबत वर सांगितलेलं गणित करून न्या: तूट किती, उरलेले क्रेडिट किती, कोणत्या श्रेणी हव्यात. मग चर्चा आकड्यांवर होते आणि सल्लाही नेमका मिळतो.

विषय पुन्हा द्यायचा असेल तर एकच प्रश्न विचारा: नवी श्रेणी जुन्याच्या जागी बसते, की दोन्हींची सरासरी धरतात? जागी बसत असेल तर पुन्हा दिल्याचा मोठा फायदा होतो. सरासरी धरत असतील तर त्याच वेळात नवा विषय घेऊन त्यात चांगली श्रेणी मिळवणं जास्त फायद्याचं ठरू शकतं. किती वेळा देता येतो आणि किती विषय पुन्हा देता येतात, यालाही मर्यादा असते. आपल्याकडे एटीकेटीवर पुढच्या सत्रात जाता येतं, पण किती विषय राहिलेले चालतात आणि पहिल्या वर्षाचे विषय सुटल्याशिवाय शेवटच्या सत्राचा निकाल राखून ठेवतात का, हे आधीच पाहा. ब्रिटनमध्ये काही क्रेडिटपुरतं ४० ते ४९ दरम्यानचं अपयश बाकीच्या चांगल्या गुणांच्या बळावर माफ होऊ शकतं. प्रबंधाला ती सवलत सहसा मिळत नाही.

सातवी पायरी: श्रेणी चुकली असं वाटलं तर

आधी प्राध्यापकांना भेटा आणि विचारा, मागू नका. "मला कुठे गुण गेले ते समजून घ्यायचं आहे" या वाक्याने दार उघडतं. बेरजेची चूक, न तपासलेलं उत्तर, पोर्टलवर चुकीची भरलेली श्रेणी या गोष्टी इथेच मिटतात.

तिथे नाही मिटलं तर अपील. अपिलात चालतं ते कारण पद्धतीतलं हवं: आराखड्यात लिहिलेली टक्केवारी पाळली नाही, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा निकष लावला, मोजणीत चूक झाली. "माझं उत्तर यापेक्षा चांगलं होतं" हे कारण सहसा ऐकून घेत नाहीत, कारण समिती प्राध्यापकांच्या विषयज्ञानावर निकाल देत नाही. अपिलाची मुदत छोटी असते, काही वेळा दोन आठवडे. भारतात उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची सोय आहेच, शिवाय २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं आहे. आधी छायाप्रत पाहा, मगच पुनर्मूल्यांकनाचं शुल्क भरा. काही विद्यापीठांत पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात.

आठवी पायरी: प्रबंध, अंतिम परीक्षा, समिती

प्रबंधाचा मार्ग घ्यायचा की जास्तीचे विषय घेऊन प्रकल्पावर पदवी पूर्ण करायची, हा निर्णय दुसऱ्या सत्राच्या आत घ्या. पीएच.डी. करायची इच्छा असेल तर प्रबंध, नोकरीकडे लक्ष असेल तर विषय आणि प्रकल्प, असं मी सांगेन. मार्ग मधेच बदलला तर प्रबंधासाठी नोंदवलेले क्रेडिट दुसऱ्या मार्गात धरले जात नाहीत, असं पुष्कळदा होतं.

प्रबंधाचं वेळापत्रक उलट मोजत जा. पदवी ज्या सत्रात हवी त्याच्या शेवटच्या दिवसापासून मागे यायचं: अंतिम प्रत ग्रंथालयात जमा, त्याआधी मांडणीची तपासणी, त्याआधी दुरुस्त्या, त्याआधी मौखिक परीक्षा, त्याआधी समितीला वाचायला दोन ते चार आठवडे, त्याआधी मार्गदर्शकांनी पूर्ण मसुदा वाचून दिलेल्या दुरुस्त्या. हे सगळं मांडलं की कळतं, पूर्ण मसुदा सत्राच्या सुरुवातीलाच तयार हवा. मौखिक परीक्षेत "उत्तीर्ण, किरकोळ दुरुस्त्यांसह" हा निकाल मिळाला की खुशाल पेढे वाटा, पण दुरुस्त्या जमा होईपर्यंत काम संपलेलं नसतं.

मजकूर उसना घेण्याबाबत भारतात २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. योग्य संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची यातून वगळतात. टाचणं काढतानाच कोणतं वाक्य कुठून आलं ते लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरण्याबाबत प्रत्येक प्राध्यापकाचा नियम वेगळा असतो, म्हणून विषयागणिक लेखी विचारून घ्या.

पीएच.डी.कडे जाणाऱ्यांसाठी: भारतात २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात किमान ५५ टक्के लागतात. किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिला व दिव्यांग उमेदवारांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे.

नववी पायरी: घड्याळ

पदवीला कमाल मुदत असते. अमेरिकेत मास्टर्ससाठी ती बहुधा पाच ते सात वर्षं, आणि मुदतीबाहेर गेलेला विषय पदवीसाठी मोजत नाहीत. नोकरी करत हळूहळू शिकणाऱ्यांनी पहिल्या विषयाची तारीख लक्षात ठेवावी, घड्याळ तिथून सुरू होतं.

मधे थांबावं लागलं, म्हणजे बाळंतपण, आजारपण, घरातलं काही, तर अधिकृत रजा घ्या. अनेक ठिकाणी रजेचा काळ मुदतीतून वगळतात. न सांगता एक सत्र नोंदणी केली नाही, तर नाव कमी होतं आणि पुन्हा प्रवेशाचा अर्ज करावा लागतो, तोही नव्या नियमांखाली. सगळे विषय संपले आणि फक्त मौखिक परीक्षा उरली, तरी त्या सत्राची नोंदणी लागते.

दहावी पायरी: शेवटचं सत्र

पदवी आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तो अर्ज सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत असतो. परीक्षा झाल्यावर करू म्हटलं की पदवी एक सत्र पुढे जाते. अर्ज करण्याच्या एक सत्र आधी विभागाकडून लेखी पडताळणी मागून घ्या: काय झालं, काय उरलं. तेव्हा दोन क्रेडिट कमी निघाले तरी ते भरायला हातात एक पूर्ण सत्र असतं.

ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा यांची थकबाकी शून्य करून घ्या. छोट्या दंडापायीसुद्धा गुणपत्रक अडकतं. अर्जातलं नाव पासपोर्टशी आणि दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळवून पाहा. वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, लग्नानंतर बदललेलं नाव, सगळं. छापलेली पदवी दुरुस्त करून घ्यायला महिने जातात.

दीक्षान्त समारंभात मंचावर जाणं आणि पदवी मंजूर होणं यांत फरक आहे. काही ठिकाणी काम थोडं उरलेलं असतानाही समारंभात भाग घेऊ देतात. नोकरीच्या अर्जात तारीख लिहिताना पदवी मंजूर झाल्याची तारीख लिहा. प्रमाणपत्र यायला वेळ असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र मागा.

विद्यापीठ सोडण्याआधी चार कागद घ्या: सर्व सत्रांचं अधिकृत गुणपत्रक सीलबंद लिफाफ्यांत तीन-चार प्रती, श्रेणीपट्टीचा खुलासा, सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर केल्याचं प्रमाणपत्र, आणि तुम्ही केलेल्या विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम. रूपांतराचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, म्हणून स्वतः दहाने गुणून अर्जात टक्के भरू नका. बाहेरची विद्यापीठं त्यांचं सूत्र लावतात. जर्मनीत वापरतात ते सूत्र असं: सर्वोच्च श्रेणीतून आपली श्रेणी वजा करा, तिला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण श्रेणी यांच्यातल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि १ मिळवा. १० च्या पट्टीवर ४ ला उत्तीर्ण धरलं आणि तुमची सरासरी ८ असली, तर २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे जर्मन पट्टीवर २.०. किमान उत्तीर्ण श्रेणी ४ ऐवजी ५ धरली तर हाच आकडा २.२ होतो. म्हणून श्रेणीपट्टीच्या खुलाशात किमान उत्तीर्ण श्रेणी स्पष्ट छापलेली आहे ना, ते खिडकीवरून हलण्याआधी तिथेच वाचून घ्या.